मागावरचं थान

(गुलमंडीमागच्या गल्लीत हिमरू विणणाऱ्या मोहियोद्दीनचं घर. शनिवारची संध्याकाळ. शेजारचा बेने इस्राएल हस्केल, रेल्वेतून निवृत्त झालेला, आज रात्रीच्या गाडीनं निघायचा आहे. आधी मुंबई, मग जहाजानं इस्राएल. आबेदा पडद्याआड चुलीपाशी.)

मोहियोद्दीन : मग काल कोडं का नाय घातलंस? तू शुक्रवारी घालायचं, आम्ही शनिवारी तारे निघायच्या आत सोडवायचं. इतकी सालं चाललं, आन शेवटच्या हप्त्यालाच दांडी?

हस्केल : बांधाबांधीत राहून गेलं रे.

मोहियोद्दीन : झूट नको बोलू. आदमची गोष्ट वाचायचा हप्ता येतो, कोडं येतं. नूहचा येतो, कोडं येतं. ह्योच एक हप्ता तू पोलीस ॲक्शनपासून दर साली गाळतोस.

हस्केल : नोहाचं कोडं आठवतं तरी का तुला?

आबेदा : मला आठवतं की, भाऊजी. सारं जग बुडालं, पन कुनाचं कायबी बिघडलं नाय?

हस्केल : कुणाचं?

आबेदा : मासळीचं. रातभर डोकं खाजवत बसले होते हे.

मोहियोद्दीन : तू मधी बोलू नको. हस्केल, या हप्त्याला तुमच्या तोरा किताबात काय वाचतात?

हस्केल : योसेफाचं. तुमचा युसूफ. बापानं लाडक्या लेकाला रंगीबेरंगी झगा दिला. भावांनी पोराला विकलं आणि झगा बोकडाच्या रक्तात बुडवून बापापुढं टाकला.

मोहियोद्दीन : ठावं हाय. म्हणून गाळतोस व्हय? त्या मागावरच्या थानापायी?

हस्केल : त्याच्यापायीच. तुझ्या फारूखच्या शेरवानीचं कापड, निम्मं विणलेलं, धूळ खात पडलंय. तिकडं बघवत नाही मला. दंगलीत पोरगं वैजापूरला बहिणीला आणायला गेलं...

मोहियोद्दीन : नजमा आली. त्यो नाय आला.

आबेदा : घरचा माग अडकून पडलाय, भाऊजी. हे दुसऱ्याच्या मागावर रोजानं बसतात, या वयात. मी म्हनते, उतरवा ते थान. हे आयकत नाहीत.

मोहियोद्दीन : जित्या मानसाच्या नावाचं थान अर्ध्यात कापत नाहीत. अब्बांचा दस्तूर हाय. तू घाल रे कोडं. मला दुखंल म्हणून गाळू नको. दुखतंच हाय.

हस्केल : बरं. झगा बघून याकोब रडला. लेकी-सुना, पोरं, सगळे समजावून थकले. काळ लोटला, तरी त्याचं मन निवेना. का?

मोहियोद्दीन : लाडका होता म्हणून.

हस्केल : नाही.

मोहियोद्दीन : मग त्यानंच धाडलं होतं पोराला, भावांकडं. त्याची टोचणी. मी बी म्हटलं होतं फारूखला, जा, बहिणीला घेऊन ये.

हस्केल : तेही नाही.

आबेदा : पोरगं जितं होतं.

हस्केल : बरोबर, भाभी. आमचे जुने लोक हेच सांगतात. मेलेल्याचं दुःख काळानं निवतं, देवानंच तशी सोय केलीय. जित्याचं काही केल्या निवत नाही.

मोहियोद्दीन : आयकलंस, आबेदा? माझा जीव एक रोज निवला नाय. म्हंजी पोरगा हाय. कुठं बी असू दे, हाय. आन तू हे इतकी सालं पोटात ठेवलंस, हस्केल?

हस्केल : तू हेच म्हणशील म्हणून ठेवलं. माझा मुलगा तिकडं बंदरावर घ्यायला येणार, आणि मी तुझ्या गळ्यात ही आशा अडकवून निघून जाऊ? लाज वाटते रे.

मोहियोद्दीन : बरं केलंस. आता थान ऱ्हाईल. आबेदा, बोल की. गप का?

आबेदा : माझं निवलंय.

मोहियोद्दीन : काय?

आबेदा : औंदा उन्हाळ्यात. लोनच्याच्या कैऱ्या फोडत होते. नजमाची पोर कायतरी बोबडं बोलली, मी हसले. मग ध्यानात आलं, सकाळधरनं त्याची याद आली नव्हती. त्या राती गाढ झोप लागली. तवापासनं लागते. तुमाला कसं सांगू?

हस्केल : भाभी, खेळातलं कोडं ते. इतकं मनाला लावून घेऊ नका.

आबेदा : मी आई हाय, भाऊजी. माझा जीव बी त्या याकोबावानीच तुटत होता. पोरगं जितं असतं, तर निवला असता का?

मोहियोद्दीन : (उठून मागापाशी जातो.)

हस्केल : मोहियोद्दीन?

मोहियोद्दीन : कात्री कुठं हाय?

आबेदा : फळीवर. पन आज ऱ्हाऊ द्या. सकाळी बघू.

मोहियोद्दीन : सकाळी हस्केल नसंल.

हस्केल : मग थोडं थांब. आज आमचा शब्बाथ, तारे निघेपर्यंत मला कामाला हात लावता येत नाही. निघाले की एक टोक मी धरतो.