पन्नास मिनिटांचं अंतर

समारंभाचे सन्माननीय अध्यक्ष, विमान कंपनीचे संचालकसाहेब. ज्यांना निरोप द्यायला आपण या प्रतीक्षागृहात जमलो ते आपले विमानतळप्रमुख, मोठे साहेब. पहिल्या रांगेतले वैमानिक. आणि तिकीट काढून वर आमची भाषणंही सोसणाऱ्या प्रवासी बंधुभगिनींनो,

आपल्या चिमुकल्या विमानतळाची एक रीत आहे. निवृत्त होणाऱ्यानेच संध्याकाळच्या विमानाची घोषणा करायची, आणि ती झाल्याशिवाय विमान हलायचं नाही. रीत गोड आहे. पण भाषणं आधी असतात, त्याला काय करायचं?

इथून पलीकडचं शहर दोनशे दहा किलोमीटर, उड्डाण पन्नास मिनिटांचं. तिकीट खिडकीवर बसून मी हे झोपेतसुद्धा सांगेन. अध्यक्षमहोदय, आपण बोलायला उभे राहिलात तेव्हाच विमान सुटलं असतं, तर एव्हाना प्रवासी तिकडे सामान उचलत असते. रागावू नका. माझा जीव आज थाऱ्यावर नाही.

दाराशी ठेवलेली ती निळी बॅग माझी आहे. माझी बायको तिकडच्या इस्पितळात आहे. उद्या पहाटे तिच्या हृदयाची शस्त्रक्रिया. दुपारी फोनवर म्हणाली, "एकदा तोंड दाखवा, मग मला कुठेही नेऊ देत." मी म्हणालो, "अगं, पन्नास मिनिटांचं तर अंतर. आलोच बघ!"

घाट दरडीने बंद आहे. वळसा घालून गेलो तर उद्याची दुपार होईल. आणि तिकडच्या धावपट्टीवर दिवे नाहीत हे इथल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. अंधार पडला की तिथे विमान उतरत नाही. खिडकीकडे बघा. ऊन भिंतीवरून खुर्च्यांच्या पायाशी आलंय.

मी आधी बोललो नाही असं नाही. सूत्रसंचालकांना सांगितलं, तर म्हणाले, "मग तुम्ही दोन शब्द लवकर बोला आणि निघा." निघू कशात? विमान तर आपल्या भाषणांसाठी उभं आहे!

साहेबांबद्दल काय सांगू? एकदा एका म्हातारबाबांना उशीर झाला, तर साहेब स्वतः त्यांची पेटी डोक्यावर घेऊन शिडीपर्यंत पळाले होते. वर आम्हालाच ओरडले, "बघताय काय, हात धरा त्यांचा!" साहेब, आज मीच तो म्हातारा आहे हो.

मानपत्र वाचायचं आहे, तीन वक्ते बाकी आहेत. त्या तिघांपुढे हात जोडतो, पण हा माईक त्यांना देत नाही. वैमानिकसाहेब, खुर्चीखाली टोपी शोधू नका, ती मी बॅगेवर ठेवली आहे. आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, उपकार झाले. वेडंवाकडं बोललो असेन तर ते पोटात घाला, आज मला दुसरं काही सुचत नाही.

साहेब, हा माईक घ्या. घोषणा करा. पहिला प्रवासी उभाच आहे.