मागच्या दाराची डबी

...नाही नाही, हसा, तुम्हाला हसायला काय जातंय! तुमच्या घराला मागचं दार असेल, ते तुम्ही उघडत असाल, बाहेर जात असाल, परत येत असाल, आणि कुणाला पत्ताही लागत नसेल. आमच्याकडे मागचं दार उघडलं की अख्खी गल्ली अंथरुणात उठून बसते. अहो, चोरांसाठी बसवलेला अलार्म तो! आणि बसवल्यापासून त्यानं पकडलं कुणाला? माझ्या बापाला! रोज सकाळी! हातात झारी असताना!

म्हणजे त्याचं काय आहे, तुम्हाला सांगतो, आई गेल्या वर्षी गेली. तिच्या कुंड्या मागच्या अंगणात आहेत. उजाडलं की आप्पा एका हातात काठी, एका हातात झारी घेऊन मागचं दार उघडतात आणि कुंड्यांना पाणी घालतात. दिवसभरात तेवढं एकच काम त्यांना आपलं वाटतं. बाकी वेळ ते खुर्चीत असतात. आता हा अलार्म... दार उघडलं की आधी नुसतं टीं टीं करतो, आणि तेवढ्यात भिंतीवरच्या कीपॅडवर चार आकडे दाबले की गप्प बसतो. नाही दाबले की भोंगा! आणि कीपॅड कुठे? पुढच्या दाराशी! आप्पांनी मागून पुढे यायचं म्हणजे जेवणाची खोली, मग तो बोळ, मग दिवाणखाना, आणि गुडघे त्यांचे हे असे. येईपर्यंत भोंगा सुरू. मग शेजारचे दातांचे डॉक्टर कुंपणाशी उभे. बनियनवर. "नाही, मी तक्रार करत नाहीये हं, पण काल दिवसभर माझा हात थरथरत होता, आणि माझं काम तुम्हाला माहीतच आहे." ज्याच्या तोंडात तो हात जाणार, त्याचा विचार करून मीच माफी मागितली!

शेवटी अलार्मवाल्याला बोलावलं. तो आला, कंबरेवर हात ठेवून उभा राहिला आणि म्हणतो कसा, "साहेब, मागच्या दाराशी दुसरं कीपॅड टाका ना. एक डबी ती काय, भिंतीला लावायची!"

एक डबी ती काय, भिंतीला लावायची! हे वाक्य ऐकलंत ना? लक्षात ठेवा.

डबीला वायर लागते. वायर छतातून न्यायची, मग खाली उतरवायची, त्यासाठी मागच्या दारालगत स्वयंपाकघराच्या भिंतीला भोक पाडायचं. त्यानं ड्रिल लावलं, घर्र... आणि भिंतीवरची टाइल तडकली. आमची ही तिथेच उभी, नुसती त्या टाइलकडे बघत राहिली. अलार्मवाला म्हणाला, "वहिनी, डबी लागली की झाकली जाईल." डबी तळहाताएवढी, तडा इथून तिथपर्यंत! बरं, लागली एकदाची. सुरू केली. तर दोन्ही डब्या भांडायला लागल्या! ही म्हणते बंद, ती म्हणते चालू, इकडे लाल, तिकडे हिरवा, आणि दोन्ही मिळून कोकलतायत. का? तर म्हणे प्रत्येक डबीला स्वतःचा वेगळा क्रमांक द्यावा लागतो, नाहीतर मशीनला कळत नाही कोण बोलतंय. आणि यानं दोघींना एकच दिलेला! "विसरलो साहेब." विसरला! ज्याचा धंदा हा, तो विसरला, त्याला कोणी काही म्हणत नाही. आणि आमचे आप्पा...

हो. तेच सांगतोय. आप्पा विसरतात.

आणि कोण विसरतं, सांगू? आप्पा टेलिफोन ऑपरेटर होते. ते जुनं एक्स्चेंज असायचं ना, आपण फोन उचलायचा आणि तिकडून कुणीतरी "नंबर प्लीज" म्हणायचं, ते कुणीतरी म्हणजे आप्पा! गावातला प्रत्येक नंबर पाठ. लोक नंबर सांगायचेच नाहीत हो, "जरा आमच्या मेहुण्याला द्या" एवढंच म्हणायचे, आणि आप्पा द्यायचे! त्या माणसाला आता चार आकडे लक्षात राहत नाहीत. गाडीचा नंबर ठेवून पाहिला, नाही. माझं जन्मसाल ठेवलं, नाही. माझं जन्मसाल! शेवटी मी कोड कागदावर लिहिला आणि डबीशेजारीच चिकटवला, चोरांची गैरसोय नको म्हणून! तर आप्पांनी कागद काढून टाकला. मला म्हणतात, "अरे, लोकांचे नंबर असे चारचौघांत लावू नयेत. गुप्तता असते."

रोज सकाळी तेच. दार उघडायचं, टीं टीं सुरू, आप्पा शांतपणे चार आकडे दाबायचे, डबी चिडून टुंक टुंक टुंक करायची, म्हणजे चुकलं. आणि आप्पा? आप्पा मान हलवायचे आणि तिथेच उभे राहायचे. घाई नाही, गडबड नाही. मग भोंगा! मग डॉक्टर! एके दिवशी माझंच डोकं फिरलं. म्हटलं, बास! मागच्या दाराला कुलूप घालतो! कुंड्यांना पाणी मी घालीन! आप्पांनी झारी खाली ठेवली. एवढंच विचारलं, "अरे, हे चोर आत येऊ नये म्हणून लावलंय, की मी बाहेर जाऊ नये म्हणून?"

...एक डबी ती काय, भिंतीला लावायची, नाही का?

मी कुलूप आणलंसुद्धा. पण आमची ही म्हणाली, "एक दिवस थांबा." दुसऱ्या दिवशी ती आप्पांच्या आधी उठली आणि स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. भोंगा झाला, डॉक्टर येऊन गेले, सगळं यथासांग पार पडलं, आणि मग मला म्हणते, "अहो, आप्पा चुकत नाहीत. ते दर खेपेला तेच चार आकडे दाबतात. आपला कोड दाबतच नाहीत ते. आणि त्या टुंक टुंकला काय म्हणाले, ठाऊक आहे? म्हणाले, एंगेज आहे. थांबून लावतो."

मी आकडे विचारले. तिनं सांगितले.

तो छापखान्याचा नंबर! लग्नाआधी आई एका छापखान्याच्या ऑफिसात कामाला होती, फोन तीच घ्यायची. "हॅलो, छापखाना!" आणि आप्पा इकडून रोज फोन करायचे. कारण काय? "लाईन तपासतोय." रोज! गावात कुठली लाईन एवढी तपासली गेली नसेल. शेवटी आईनंच विचारलं म्हणे, "बिघाड नक्की कुठे आहे, ते एकदा येऊन बघा ना!" आम्ही लहानपणापासून ऐकत आलोय ही गोष्ट, नंबरासकट. आणि मी मूर्ख, स्वतःचं जन्मसाल ठेवत होतो!

अलार्मवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "साहेब, एका घरात कितीही कोड ठेवता येतात, ज्याचा त्याचा. आधी सांगायचं ना!" आधी सांगायचं ना! बरं. आला, छापखान्याचा नंबर आप्पांचा कोड म्हणून घातला, गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघंही दारात लपून. आप्पा आले. दार उघडलं. टीं टीं. चार आकडे दाबले... आणि डबीनं एक लांब सूर लावला, टींऽऽऽ, आणि हिरवा दिवा! आप्पा दचकले. किती दिवसांनी एंगेज नव्हता! त्यांनी काठी भिंतीला टेकवली, सदरा सारखा केला, डबीपाशी वाकले आणि अगदी हळू म्हणाले, "हॅलो... लाईन तपासतोय."

आणि थांबले.

आमच्या हिनं तोंडावर पदर धरला. आप्पा बराच वेळ उभे होते. मग वळले, मी दिसलो, तर मलाच समजावल्यासारखं म्हणतात, "उचललाय, पण बोलत नाही. कामात असेल." आणि झारी घेऊन कुंड्यांकडे गेले.

तेव्हापासून भोंगा बंद. डॉक्टर खूश, त्यांचे पेशंट खूश. आप्पा रोज फोन लावतात, रोज लागतो, रोज थोडं थांबतात आणि कुंड्यांना पाणी घालतात. कुलूप तसंच पडलंय खोक्यात. परवा अलार्मवाल्याचा फोन आला, "काय साहेब, कीपॅड बरं चाललंय ना?" म्हटलं, उत्तम चाललंय, फक्त पलीकडून कोणी बोलत नाही. तर हा पठ्ठ्या लगेच म्हणतो, "मग बोलणारं मॉडेल येतं की साहेब! बाईचा आवाज आहे, एकदम गोड. उद्या येऊन बदलून देतो. एक डबी ती काय, भिंतीला लावायची!"

नको म्हटलं, बाबा, राहू दे. जन्मभर ऑपरेटर होते ते. आवाज ऐकतील, आणि राँग नंबर म्हणून ठेवून देतील.