हक्कसोडीची साडी

तो मोबाईल पयले उलटा ठेव बाई, अन् चालू हाय का बंद ते सांग. चालू हाय? असू दे मंग. तुले माह्या सुनेनंच धाडलं, मले ठाव हाय, मैत्रीण म्हणते न तू तिची, अमरावतीले संगं शिकता. घरचं माणूस घरच्याले खरं सांगत नाई म्हून दुसरीले बसवलं असन माह्यासमोर. बस, च्या घे.

माहा जलम नेरकडचा. तीन भाऊ अन् मी एकली बहीण. बापाचं वावर काळंभोर, कापूस वेचता वेचता ओटी भरून जाये अन् झाड तसंच पांढरं दिसे. पाचवीलोक शिकली, मंग वावरातलं गवत निंदाले जाये, मंग लगन झालं अन् अठी कळंबच्या बाजूले आली. बाप मेला, तेरवी झाली, अन् मोठा भाऊ म्हणे बाई, नेरले चालतं का जरा, सही करा लागते. गेली मी. काय लिवलं ते कोणी वाचून दाखवलं नाई, म्याबी इचारलं नाई, आपल्याकडं रीतच होय ते, बहिणीनं बापाच्या वावरावरचा हक्क सोडाचा अन् भावानं साडीचोळी कराची. हिरवी साडी घेतलती त्यानं, चांगली होती, खोटं कायले बोलू. आता तो भाऊ नाई, भाचे फोन करतात कधी कधी. करतातच म्हणा ना.

मंग माह्या गजाननचं लगन झालं. तो पाण्याच्या मोटारी दुरुस्त करते कळंबले. ज्योत्स्ना आली, मारेगावची, एमए झालेली, अन् लग्नातच म्हणे मी पुढं शिकीन. म्या म्हटलं शिक बापा, मास्तरीण होशीन. त हे पीएचडी निघाली, अन् कायची, त म्हणे बायांची. स्त्री अभ्यास म्हणतात म्हणे त्याले. म्हटलं बायांचा कायचा अभ्यास करते वं, बाया काय कोठी पळून चालल्या? हासली. मंग म्हणे आई, बहिणी हक्कसोड कायले करतात, त्याच्यावर लिहून राह्यली मी.

झालं, तवापासून माह्या मनात किडा शिरला. काहून म्हणशीन, त माहे धनी गेल्यावर सातबाऱ्यावर तिघांचं नाव चढलं, माहं, गजाननचं अन् माही पोरगी सुनीता हाय दारव्ह्याले देल्ली, तिचं. मले वाटे हे सून एक त सुनीताची सही करून घेईन, नाई त हिस्सा माग म्हून सुनीताले पेटवून देईन, दोन्हीकून माह्याच घरात आग. गावातल्या साऱ्या बायांपाशी बसे, निंदणाच्या पातीवर, बायांच्या ओळीत जाऊन बसे, मले मातर एक डाव इचारलं नाई. जो इचारत नाई त्याचंच जास्त भेव असते बाई. म्या सातबारा पेटीतून काढून तुरीच्या पोत्यात लपवला, अन् मंग मलेच सापडे ना. तिनंच शोधून देल्ला, उघडूनबी नाई पाह्यला, तसाच हाती देल्ला. एवढं सरळ माणूस असते का? मले नाई वाटत.

औंदा उन्हाळ्यात तिचे बाबा गेले. तेरवी झाली अन् तिचा भाऊ अठी आला, पाणी पेला, मान खाली घालून म्हणे ताई, मारेगावले चालतं का जरा. मी सैपाकघरातून ऐकून राह्यलती. म्हटलं आता पाहू, दुसऱ्या बायाले इचारत फिरली, सही कायले केली वं, आता सोताची बारी आली. गजानन म्हणे अजिबात सही करू नको, आपला हिस्सा हाय. आपला म्हणे, पाह्य.

गेली अन् सही करून आली. एसटीनं उतरली, हाती साडीची पिशवी. गजानन बोललाच नाई तिच्यासंगं. म्या म्हटलं काहून केली वं, तू त शिकेल बाई. पाय धूत होती. म्हणे आई, माह्या मायले तठीच राहा लागते, भावजयीच्याच हातचं खा लागते. एवढंच बोलली. अन् काय सांगू तुले, मले रडू आलं, अन् ते तिच्यासाठी नाई, माह्यासाठी आलं. माहीबी माय तवा जिती होती, भावापाशीच होती. एवढ्या वर्षांत मले कोणी इचारलं नाई का तू सही काहून केली, अन् म्याबी सोताले इचारलं नाई.

मंग दुसऱ्या दिवशी मले दुसराच संशय आला. म्हटलं हे सही पीएचडीच्या पुस्तकासाठी त नाई केली? तोंडावर इचारलं. म्हणे पुस्तकासाठी नाई, पण लिहीन आई, सोताच्या नावानिशी लिहीन. पुस्तक झालं का तिची तोंडी परीक्षा हाय. मोठमोठे शिकेल लोक समोर बसतीन अन् म्हणतीन, बाई, तूच सही केली त दुसऱ्याले काय इचारते. मंग तिले डॉक्टर करतीन का नाई, माहा भरोसा नाई. खरं सांगणाऱ्याले कोण पास करते?

पोळ्याले सुनीता आलती. गजानन तिले जेवता जेवता म्हणे ताई, दिवाळीले येशीन त कळंबले चालशीन का जरा. तेच बोल, जसेच्या तसे. ज्योत्स्ना भाकर थापून राह्यलती, तिचा हात थांबला, मंग चालू झाला. काहून बोलन, सुनीतानं सही केली त वावर हिच्याच घरात राह्यते. म्या सुनीताले मागच्या दारी नेलं अन् म्हटलं पोरी, दिवाळीले साडी घेऊन घे, सही करू नको. म्हणे भाऊ रुसन माय, माहेर तुटन. म्हटलं माहेर म्हणजे मी, अन् मी जिती हाय अजून.

तू लिव हे सारं. गजानन काई वाचत नाई, पण ज्योत्स्ना वाचन. वाचू दे. डॉक्टर होऊ दे तिले, चांगलं होऊ दे तिचं, माहा काई तिच्यावर राग नाई. फकत दिवाळीले गजानन कागद घेऊन बसन न, तवा ज्योत्स्ना कोणाच्या बाजूनं बोलते, ते पाहाचं हाय मले.