दोन हातांची मेंदी

अंबाजोगाईच्या दवाखान्यात मी पुस्तक उघडून बसलो होतो, पण पान काही उलटत नव्हतं. शेजारी एक म्हातारा, त्याची सून आणि तिच्या मांडीवर सारखी मान झटकणारी नात.

“ऊठ, सुमन. हे बाहेरचं हाय. देवाला नेऊ.”

“न्हाई आप्पा. घसा दुखून ताप आलता, त्याच्यानंतरच हे सुरू झालं. डॉक्टरीणबाईला तेच सांगायचंय.”

“पोरगी आदीपासूनच हट्टी हाय.”

“माझा हा डावा हात बघा. पाव्हण्यांच्या लग्नाची मेंदी हिनंच काढली, ताप यायच्या आदी.”

“मोर हाय. लई चांगला काढलाय.”

“आन हा उजवा. ताप उतरल्यावरचा.”

“ह्या रेघोट्या कशाच्या?”

“ह्यो बी मोरच हाय, आप्पा. ती म्हन्ती तसं.”

म्हाताऱ्यानं सुनेचे दोन्ही हात शेजारी धरून पाहिले.

“डॉक्टरीणबाईला दाखवायचं म्हनून मी राखेत हात घातला न्हाई.”

“म्हनून भांडी घासंना झालतीस व्हय! मी गावभर तुला आळशी म्हनत फिरलो.”

“म्हना की. पन आत गेल्यावर मधी बोलू नका.”

आतून नातीचं, ऋतुजाचं, नाव पुकारलं. म्हातारा आधी उठला.

“पोरगी माझ्याकडं दे. मेंदी पुसंल.”