पिवळी अक्षरं

बसथांब्यावर उभ्या असलेल्या नर्सच्या शेजारी एक म्हातारं जोडपं मांडीवर पुठ्ठा घेऊन बसलं होतं. तिच्याच दवाखान्यातला बाळंतिणींचा वॉर्ड बंद होणार होता. त्याविरुद्धच्या मोर्चाला दोघं निघाली होती.

"'वॉर्ड वाचवा' लिही."

"ते सगळेच लिहितील. मी लिहिते, 'आमची लेक इथे जन्मली'."

"अगं, ती एकच दिवस जगली."

"जन्मली तर होती ना?"

"हो."

"मग?"

"दे तो ब्रश. तुझं अक्षर बारीक येतं."

"अहो, आधी डोळे पुसा. पाणी रंगात पडतंय."

"लाल घेऊ?"

"पिवळा घ्या."

"लांबून दिसायचा नाही."

"काळी कड काढा. पण पिवळाच. तिचं झबलं पिवळं होतं."

बस आली. नर्सने ती जाऊ दिली आणि वाऱ्याने हलणारा पुठ्ठा एका बाजूने धरून ठेवला.