ड्रोन, ऑफ द रेकॉर्ड

...नाही, तुम्हीच सांगा, साधा प्रश्न विचारणं हा गुन्हा आहे का? ड्रोन घ्यायचा होता हो, छंद म्हणून! आमची मुलुंडची बिल्डिंग दिवाळीनंतर पाडणार, रिडेव्हलपमेंट... तर सुगंधा, म्हणजे आमची सौ, म्हणाली, "पाडण्याआधी वरून एकदा सगळी दिसू दे हो, गच्ची, माझ्या कुंड्या, सगळं." बस्स! मला फक्त फोटो काढायचेत!

गेलो मालाडच्या दुकानात. काउंटरवर श्वेता नावाची मुलगी. तिनं खोका उघडायच्या आत मी सुरू, "बॅटरी अर्धा तास टिकते हा दावा कोणाचा? कंपनीचा की तुमचा? वाऱ्यात किती टिकते? पडला तर जबाबदार कोण?" अहो, तीस वर्षं पोलिसांना, नगरसेवकांना असंच विचारलंय, तोंडाला वळणच तसं, काय करू? ती पांढरीफटक! "काका... तुम्ही पत्रकार का?" म्हटलं, "होतो. रिटायर झालो." झालं, वाट लागली! ती आत पळाली आणि बाहेर आले मालक.

"सायेब, उभे काय, आत या ना!" आत केबिन, एसी फुल, मागे दार बंद, पुढ्यात कॉफी आणि वेफर्स. "कोणी पाठवलं? समोरच्या दुकानवाल्यानं?"

"अहो, मला फक्त फोटो काढायचेत!"

"कसले? दुकानाचे?"

"बिल्डिंगचे!"

"म्हणजे बिल्डरवर स्टोरी?" घ्या!

"रिटायर झालोय हो मी!"

"रिटायरवालेच जास्त डेंजर, सायेब. बसा ना, घाई काय?" उठलो की खांद्यावर हात, बसलो की वेफर्स, उठलो की हात, बसलो की वेफर्स... मी मंत्र्यांना घाम फोडलाय, आणि इथं एक दुकानदार मला सोडेना! शेवटी ओरडलो, "बाबा रे, मला फक्त फोटो काढायचेत! नवशिक्यानं कुठला घ्यावा तेवढं सांग, नि जाऊ दे मला!"

त्यानं दाराकडे पाहिलं, जवळ सरकला. "ऑफ द रेकॉर्ड?"

आणि मी... जित्याची खोड... "ऑफ द रेकॉर्ड!" म्हणून बसलो!

"तो छोटा, हलका घ्या. आपटला तर पाती बदला, काम झालं. मोठा नवशिक्यानं घेऊच नये, पण आम्हाला खपवायचा असतो ना."

"आणि ऑन रेकॉर्ड?"

छाती फुगवून म्हणतो, "मोठाच! एकदम झकास!"

अडकलो ना! ऑफ द रेकॉर्ड ऐकलेलं वापरायचं नाही, हे मी नोकरी जायची वेळ आली तेव्हासुद्धा पाळलंय. मग एका ड्रोनसाठी हा नियम मोडू? तुम्ही मोडला असता? ...मोडलाच असता म्हणा तुम्ही! मी नाही. मोठाच घेऊन आलो.

पहिल्याच उड्डाणाला थेट पाण्याच्या टाकीत. फोटो एक नाही. सगळी सोसायटी गच्चीवर, आणि सुगंधा कमरेवर हात ठेवून विचारतेय, "अहो, नवशिक्यानं हा एवढा धोंडा घेऊ नये, हे तुम्हाला कोणीच सांगितलं नाही?"

सांगितलं होतं हो... पण सोर्सचं नाव देता येत नाही!