मेंढराच्या तोंडाकडे पाहताना

आमचं गाव आर्णीच्या पलीकडं, आणि आम्ही धनगर, बाप मेंढरामागं, आजा मेंढरामागं, मी बी चालाले लागलो तसा त्याईच्याच मागं. शाळा म्हणाल तर पाटी पाह्यली, बाप्पा, हातात नाही घेतली.

काय सांगू तुम्हाले, त्या वर्सी कापसाचं काही खरं नव्हतं, अळी पडे, लोकं फवारणीवर फवारणी मारत, आणि इकडं माहे मेंढरं मरून राह्यले होते. सकाळी चांगलं चरे, सांजेले तोंडाले फेस. बायको म्हणे, राह्यले तेवढे इकून टाका, मले डोयानं पाहवत नाही. पाहवत तर मले बी नव्हतं. पण मेंढरं इकून मी करू काय?

तवा जनावराच्या कालेजातली एक म्याडम आली. म्हणे, काका, मेंढरं काय खाते थे लिहून पाहू. तिची रीत अशी का एका मेंढीच्या पाठीवर रंग लावाचा, दिवसभर तिच्याच मागं राहाचं, घड्याळ वाजलं का पाहाचं तोंडात काय हाय, गवत का पाला का नुसतं रवंथ, आणि वहीत खूण कराची. मले हसू ये. जलमभर मेंढरंच तर पाहून राह्यलो, म्हटलं, यात लिहाचं काय?

कापूस वेचून झाला का मालक आमाले वावरात बोलावते, उभ्या पऱ्हाटीत मेंढरं घालाले. पाला मेंढराले, लेंडीखत वावराले, बापजाद्यापासून असंच. तिले तिथंच नेलं, आणि पाहुणीची वही भरली पाहिजे म्हणून काठी आडवी धरून, हुर्र हुर्र करत मेंढरं पऱ्हाटीतच दाबून ठेवले. घंटाभर वहीत पऱ्हाटीच पऱ्हाटी. मंग म्याडम म्हणे, काका, हे मेंढराचं खाणं नाही, तुमच्या काठीचं हाय, काठी ठेवा न् बसा.

बसलो. हात शिवशिवे, मांडीखाली दाबले. रंगाची मेंढी पऱ्हाटीजवळ गेली, हुंगली, फुरफुरली, आणि वळून धुऱ्यावरचं, बांधावरचं, वाळकं गवत खाऊ लागली. तिच्यामागं सारे. मालकाले इचारलं तर म्हणे, हाव, अळी राहू नये म्हणून परवाच फवारलं. म्याडमनं तिथंच जहरावरचं औषध पाजलं, वाचले सारे. पण मी रडलो, खोटं कायले सांगू. मेलेल्या मेंढ्या बी अशाच फिरल्या असतीन ना, आणि म्याच त्याईले आत लोटलं.

त्या पोरीचं देव भलं करो. आता कळप वाढला, बायको हासते, आम्ही दोघं सुखानं हावो. कोण्या बी वावरात गेलो का पयले धुऱ्यावर बसतो, त्याईच्या तोंडाकडं पाहतो. त्याईनं मान फिरवली का मी बी फिरलो. मालक रागावते, काहून गा, माह्या वावराले काय झालं? म्या म्हणतो, मले काय इचारता, मालक, त्याईले इचारा.